ओढ्याकडची मोकळी बाजू

तेराव्यानंतर शाळेत रुजू होऊन मला चार-पाच दिवस झाले होते. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबा उघडून बसलो होतो. भूक नव्हती, पण डबा तसाच परत नेला की घरी चौकशी होते, म्हणून नुसता चिवडत होतो. तेवढ्यात यंदाच आमच्याकडे बदलून आलेले एक तरुण शिक्षक शेजारी सरकले आणि मोबाइल माझ्या तोंडापुढे धरून म्हणाले, "सर, हे बघितलं का? आपल्याच जिल्ह्यातलं आहे म्हणे. डुकरानं काय पळवलंय पब्लिकला!" मी बघितलं. उसाचा उरलेला एक पट्टा, त्याच्या भोवती काठ्या आणि डबे घेतलेली माणसं, कुत्री, आरडाओरडा, आणि या सगळ्यावर कोणीतरी चढवलेलं वरातीतलं गाणं. मग पट्ट्यातून काळं काहीतरी सुटतं, माणसं सैरावैरा पळतात, बांधावर हिरव्या लुगड्यातली एक बाई दिसते न दिसते तोच मोबाइल हलतो, आभाळ दिसतं आणि शेवटी नुसतं हसणं ऐकू येतं... मी म्हणालो, "ती हिरव्या लुगड्यातली बाई माझी मोठी बहीण आहे." त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय. माझी तशी ख्यातीच आहे. ते हसत म्हणाले, "मग काय म्हणतात ताई? फार लागलं का?" मी म्हणालो, "गेली ती. त्याच दिवशी." त्या बिचाऱ्याचा घास हातातच राहिला. त्यांचा काही दोष नव्हता. मधल्या दिवसांत तो व्हिडिओ किती जणांनी किती जणांना पाठवला असेल आणि किती जण जेवता जेवता हसले असतील, हे कळायला मला मार्ग नाही.

त्यांना मी एक गोष्ट सांगितली नाही. त्या व्हिडिओच्या अगदी कडेला, ओढ्याच्या बाजूला, पांढरा शर्ट घातलेला एक टकला माणूस रिकामा डबा बडवताना दिसतो. चेहरा ओळखू येत नाही. तो मी आहे. आणि स्टाफरूममध्ये तो व्हिडिओ बघत होतो तेव्हा माझ्या पिशवीत माझ्या भाच्याने, गजाननने, दिलेले चार कोरे ताव होते. त्यांच्यावर मला अर्ज लिहायचा होता, की माझ्या बहिणीच्या मरणाला ऊसतोड टोळीचा मुकादम किसन जबाबदार आहे आणि त्याच्यावर गुन्हा दाखल व्हावा. आमच्या नात्यागोत्यात अर्ज लिहायची वेळ आली की कागद माझ्याकडेच येतो. हा अर्ज लिहिला तर एका निरपराध माणसाच्या मागे पोलीस लागणार होते. नाही लिहिला, तर का लिहिला नाही हे सांगावं लागणार होतं. आज मी अक्काबद्दल लिहायला बसलो आहे, पण तेवढं गाळून तिच्याबद्दल गोड गोड लिहिणं म्हणजे शुद्ध लबाडी होईल, आणि लबाडीची तिला लय चीड होती.

तिचं नाव सोजर. आम्ही ताडकळसचे. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, त्यामुळे मला घरात दोन आया होत्या, एक रागावणारी आणि एक मारणारी. मारणारी ती अक्का. मी सहा-सात वर्षांचा असेन तेव्हाची गोष्ट. बाजाराच्या दिवशी शेंगांच्या आशेने वानरांचा कळप गावात उतरायचा आणि आम्हा पोरांचा एक खेळ ठरलेला असायचा. शेंग दाखवायची, वानर पुढे आलं की हात मागे घ्यायचा आणि त्याच्याकडे बघून खदाखदा हसायचं. एका बाजारी हा खेळ मी एका दांडग्या हुप्प्याशी खेळलो. तो भिंतीवरून उतरला, माझ्यापुढे बसला, भुवया वर-खाली केल्या आणि दात विचकले. मला वाटलं, गडी हसायला लागला, म्हणून मीही दात काढले. पुढच्या क्षणी माझा सदरा त्याच्या हातात आणि मी भुईवर. पोरं दगड शोधायला धावली. अक्का भाजीची पिशवी घेऊन मागून येत होती. ती पोरांवर खेकसली, "दगड खाली टाका रे मुडद्यांनो!" आणि मग, आजही मला आठवतं, ती धावली नाही. समोरून आली नाही. कडेकडेने, मान खाली घालून, काही सांडलेलं वेचायला आल्यासारखी आली, माझा दंड धरला आणि मला मागे मागे ओढत नेलं. हुप्प्याने सदरा सोडला, शेंग उचलली आणि तो भिंतीवर जाऊन बसला. घरी नेऊन तिने मला आधी मारलं आणि मग समजावलं. "तू त्याला दात दावलास. त्याच्या भाषेत ती शिवी हाय. वरून त्याच्या डोळ्यात डोळे घालून बघायलास. मग त्यो काय तुला ववाळंल का?" त्या नखांचे वण माझ्या खांद्यावर आहेत. अंघोळीच्या वेळी बायको कधी कधी विचारायची, हे कशाचे, आणि मी सांगायचो, लहानपणी एका मोठ्या माणसाशी हुज्जत घातली होती.

हे सगळं तिला कोणी शिकवलं, मला ठाऊक नाही. चौथीनंतर तिची शाळा सुटली. पण ती बघत असायची. आपण जनावर दिसलं की बोट दाखवतो, ओरडतो, आता मोबाइल काढतो. ती नुसती उभी राहून बघायची, की याचा कान कुठे आहे, शेपटी कशी आहे, हे जायलंय कुठं. लग्न होऊन ती पालमच्या पुढे गोदावरीच्या अंगाला असलेल्या एका गावात गेली. दाजींची जमीन काळी, ओढ्याला लागून, आणि तो ओढा पुढे नदीला मिळणारा. त्यामुळे शेतात माणसांइतकीच जनावरांची वर्दळ. हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगायी, मुगात ससे आणि उसात रानडुकरं. नुकसान व्हायचं, ती चरफडायची, शिव्याही घालायची. तिला जनावरांचा पुळका होता असं कोणी समजू नये. पण ती म्हणायची, "त्याला हाकलायचं आसंल तर आदी बघावं, त्याला जायला वाट हाय का."

तिने एकदा मला फोनवर सांगितलेला किस्सा अजून कानात आहे. उसाच्या सरीत गवत कापत असताना ती वाकलेली होती, वर बघते तर पुढ्यात डुकरीण, आणि तिच्या पायात चार-पाच पट्ट्यापट्ट्यांची पिलं. "मग?" मी घाबरून विचारलं. "मग काय! ती म्हनली, हुफ्फ. मी म्हनलं, बरं बाई. ती परत म्हनली, हुफ्फ. मी इळा खाली ठिवला आन् पाठ न दावता मागं मागं सरले. ती बी गेली. दोगी बी लेकुरवाळ्या, कशाला भांडावं?" मी हसत होतो, तर ती एकदम गंभीर होऊन म्हणाली, "बब्रू, त्ये आदी सांगतंय बघ. केस हुभे करतंय, दात वाजवतंय, फुसकारतंय. तीनदा सांगतंय. आपुनच आईकत न्हाई, आन् मंग म्हनायचं, डुक्कर अंगावर आलं." मी परभणीत खुर्चीवर बसून होय होय म्हणालो. पुढे दोन-तीनदा हेच मी वर्गातसुद्धा सांगितलं, अगदी दात वाजवून दाखवले, पोरं खूश झाली. भूगोलाच्या मास्तरला असं काहीतरी लागतंच.

आता त्या फडाबद्दल. ज्यांनी ऊसतोड बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हंगाम संपत आला की आजूबाजूचा ऊस तुटून रान मोकळं होतं आणि एखादाच फड उभा राहतो. दडायला दुसरी जागा नसल्याने सगळी जनावरं त्यातच शिरतात. टोळी कडेने तोडत आत आली की ती आणखी आत सरकतात आणि शेवटी आठ-दहा गुंठ्यांच्या पट्ट्यात ससा, कोल्हा, डुक्कर सगळे एका जागी गोळा होतात. हे गावाला पाठ असतं. त्यामुळे शेवटच्या दिवशी काठ्या, कुत्री, डबे घेऊन गाव लोटतं. काहींचा डोळा मांसावर असतो, पण खरं सांगायचं तर बहुतेक जण नुसती गंमत बघायला येतात. चारी बाजूंनी कोंडाळं करायचं आणि आतून काय निघतंय ते बघायचं. अक्काच्या शेतात मात्र तिचा कायदा चालायचा. पट्टा असा तोडत आणायचा की शेवटचं टोक ओढ्याला लागलं पाहिजे. ओढ्याच्या बाजूला कोणी म्हणजे कोणी उभं राहायचं नाही. आणि शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी, ऊन असतानाच, ती टोळीला त्यांच्या झोपड्यांकडे, कोपीवर, पाठवून द्यायची. दिवस मावळला की जनावरं आपोआप ओढ्याने नदीकडे निघून जायची. सकाळी पट्टा रिकामा. काठ्या घेऊन आलेले हिरमुसून परत जायचे आणि पारावर बोलायचे, "सोजरबाईच्या फडात काईच निघत न्हाई बुवा." हे तिला मोठं कौतुक वाटायचं. मला फोनवर सांगायची, "यंदा बी काईच निघालं न्हाई, मास्तर."

यंदा तो आधीचा दिवस मिळाला नाही. कारखाना बंद व्हायच्या बेतात होता. किसन मुकादम तिच्याकडे येऊन हात जोडून म्हणाला होता, "आक्का, उद्या संपवावंच लागतंय. गाडी हुभी हाय, परवा गाडी येणार न्हाई." हा किसन सात-आठ वर्षं तिच्याच फडावर येत होता, त्याला तिचा कायदा तोंडपाठ होता. ती म्हणाली, "तोडा. पर हळूहळू तोडा, बोंबलू नगा. वढ्याकडं मी सोता बसते." हे मला नंतर खुद्द दाजींनी सांगितलं. सकाळपासून ती ओढ्याकडच्या बांधावर बाभळीखाली बसून होती. कुणी तिकडे वळलं की हात करून उठवत होती. रविवार होता. शेवटच्या मोळीचं जेवण म्हणून तिने मला बोलावलं होतं. मी एसटीने पालमला उतरलो, गजाननने मोटारसायकलवर शेतात आणून सोडलं आणि तो किराणा आणायला परत पालमला गेला. अक्का मला बघून बाभळीखालून उठली, विहिरीजवळ चूल मांडली होती तिकडे आली, म्हणाली, "आलास? बस सावलीला. भाकरी व्हईस्तोवर कुटं हिंडू नको." आणि आमटीकडे बघायला वाकली. इथे ती जागची उठली ती माझ्यासाठी, हे मला तेव्हा कळलं नाही.

मी बसलो नाही. तिकडे कालवा ऐकू येत होता. गावातून पंचवीस-तीस माणसं येऊन पट्ट्याला भिडली होती, ढेकळं फेकत होती, कुत्री भुंकून बेजार. किसन त्यांच्यावर ओरडत होता, "आरं थांबा, आक्कानं नगं म्हनलंय," पण परगावच्या मुकादमाचं कोण ऐकतं? मी तिकडे गेलो. माझं वय छप्पन्न. पेन्शनच्या हिशोबाला लागलेला माणूस. पण खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली. कोणीतरी माझ्या हातात तेलाचा रिकामा डबा आणि काठी दिली. मी आयुष्यभर पोरांना दिशा शिकवल्या, त्यामुळे कुठेही उभा राहिलो की पूर्व-पश्चिम बघायची खोड. बघितलं तर तीन बाजूंना माणसं आणि ओढ्याकडची बाजू एकदम मोकळी. मला वाटलं, अरे, इकडून तर ते निसटून जाईल आणि आपल्याला काही दिसणारच नाही... अक्काचा कायदा मला माहीत नव्हता, असं मी म्हणू शकत नाही. पंचवीस वर्षं फोनवर ऐकला होता. पण ऐकलेलं कानातच राहिलं होतं. मी ओढ्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो आणि डबा बडवायला लागलो.

ते आधी माझ्याच बाजूला आलं. उसातून तोंड बाहेर काढलं आणि थांबलं. पंधरा-वीस पावलांवर. इतकं मोठं असतं ते, मला कल्पना नव्हती. पाठीवरचे केस ताठ उभे, तोंडाला फेस. त्याने दात वाजवले, खट् खट्, अगदी मी वर्गात वाजवून दाखवायचो तसे. पुन्हा वाजवले. त्याला फक्त पुढे जायचं होतं, माझ्या मागे ओढा होता, आणि मी सरकायला पाहिजे होतं. दोन पावलं बाजूला. इतकंच. मी घाबरून आणखी जोरात डबा बडवला. तेवढ्यात मला चुलीकडून बांधावरून येणारी अक्का दिसली. पासष्टची, दोन्ही गुडघे गेलेले, पण लुगड्याचा ओचा धरून जवळजवळ पळत येत होती आणि एक हात वर करून बाजूला हलवत होती. मला वाटलं, जेवायला बोलावतेय. की शाबासकी देतेय. खरंच असं वाटलं. मी काठी वर करून तिला हात दाखवला, आलो म्हणून... ती "बाजूला हो" म्हणत होती. डुक्कर वळून पट्ट्यात घुसलं, तिकडून कुत्री आणि ढेकळं, मग ते बांधाच्या कडेने बाहेर फुटलं. बांधावर ती होती. माझ्याकडे यायला निघाली नसती तर तिथे कोणीच नसतं. त्याने एकच धडक दिली, मान वर झटकली आणि ओढा ओलांडून गेलं. थांबलं नाही, मागे वळून बघितलं नाही. त्याचं तिच्याशी काहीच वैर नव्हतं. ती मध्ये आली होती, बस.

मी पोचायच्या आधी किसन पोचला. मांडीतून रक्त असं येत होतं की माझी नजर ठरेना. त्याने आपला गमछा मांडीच्या वर करकचून बांधला, त्याच्या बायकोने लुगडं फाडून दिलं, आणि त्याने अक्काला खांद्यावर घेऊन गावातल्या एकाची जीप रस्त्यावर उभी होती तिथपर्यंत नेलं. मी डबा हातात धरून त्याच्यामागे चालत होतो. डबा टाकून द्यायचंसुद्धा सुचलं नाही. जीपमध्ये तिला आडवं केलं, दाजी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले, मला जागा नव्हती, मी कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागून पालमला पोचलो. पालमच्या दवाखान्यात पट्टी बांधून, सलाइन लावून लगेच परभणीला न्यायला सांगितलं. तिथे गजानन भेटला आणि मी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून जीपच्या मागोमाग निघालो. त्याच्या खांद्यावर माझा हात होता. तो सारखा विचारत होता, "मामा, कसं झालं? कुणामुळं झालं हे?" आणि मी म्हणत होतो, "बघून चालव, बाबा." गंगाखेड मागे पडल्यावर थोड्या अंतरावर जीप रस्त्याच्या कडेला उभी दिसली. दाजी खाली उतरून उभे होते, दोन्ही हात लोंबकळत, आणि आमच्याकडे बघत होते. गजाननने गाडीचा वेग कमी केला. जीप का थांबली, हे मला खूप लांबूनच कळलं होतं. तरी जवळ जाईपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की टायर पंक्चर झाला असेल.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. घरात रडारड होती, आणि मी रडत नव्हतो म्हणून लोक माझंच सांत्वन करायचे. जेवायला बसलो की डोळ्यापुढे तो हात यायचा. गजानन शेतात नव्हता, त्यामुळे त्याला जे कळलं ते लोकांच्या तोंडून. आणि लोकांना एक माणूस लागतो. गावातल्या ढेकळं मारणाऱ्यांची नावं कोण घेणार, ती सगळी भावकीतली. परगावचा मुकादम सापडला. त्याने एक दिवस थांबायला नकार दिला म्हणून आई गेली, हे गजाननने मनाशी पक्कं केलं. दहाव्याला किसन आला, नदीच्या काठावर लांब उभा राहिला. गजाननने त्याला सगळ्यांदेखत हाकललं. "तोंड दाऊ नको. तूच खाल्लंस मह्या आईला." किसन खाली मान घालून वळला. वळताना त्याने माझ्याकडे बघितलं. मी ओढ्याच्या तोंडाशी उभा होतो, हे त्याने नक्की बघितलं होतं, कारण तो समोरच्याच बाजूला होता. तो बोलला असता तर सुटला असता. तो बोलला नाही. मीही बोललो नाही. मी तिथे उभा राहून अंगठ्याने दुसऱ्या हाताचं नख खरवडत होतो.

त्याच संध्याकाळी गजाननने ते ताव माझ्या हातात दिले. "मामा, चांगल्या भाषेत लिवा. पोलिसाला बी, कारखान्याला बी. असं लिवा की त्यो परत कोयत्याला हात लावणार न्हाई." मी ते घेतले. घरी येऊन तीनदा लिहायला बसलो. 'अर्जदार विनंती करतो की' एवढं लिहून झालं की पुढचं वाक्य माझंच नाव घेऊन उभं राहायचं. आणि मग स्टाफरूममध्ये तो व्हिडिओ बघितला. त्यात मी होतो आणि मला कोणीही ओळखलं नाही. मी गप्प राहिलो असतो तर जगाच्या अंतापर्यंत कोणी ओळखलं नसतं. याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

महिन्याच्या दिवशी मी पहिल्या एसटीने गेलो. जेवणं उरकली, पाहुणे पांगले. ओसरीवर दाजी, गजानन आणि मी, तिघंच राहिलो. गजानन म्हणाला, "आणलाव का अर्ज?" मी पिशवीतून चारही ताव काढून त्याच्यापुढे ठेवले, कोरेच. म्हणालो, "गजू, किसनची काही चूक नाही. तो लोकांना अडवत होता. ओढ्याच्या बाजूला मी उभा होतो. जनावर आधी माझ्याकडे आलं, मी त्याला जाऊ दिलं नाही. तुझी आई मला तिथून उठवायला येत होती..." गजानन माझ्याकडे बघत राहिला. मग तो उठला, चपला न घालताच अंगणातून बाहेर गेला.

मी दाजींकडे बघू शकत नव्हतो. मला वाटलं, आता हे म्हणतील, निघ माझ्या घरातून, आणि मी निघालो असतो. दाजी कमी बोलणारा माणूस. ते भिंतीला टेकून बसले होते, जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "मला ठावं हाय, बब्रू."

मी म्हणालो, "काय ठाऊक आहे?"

"जीपात ती सुदीत व्हती. पालमपस्तोर तर चांगली बोलायली. म्हनली, बब्रू वढ्याकडं हुभा व्हता, त्याला ध्यानात आलं न्हाई. म्हनली, पोराला सांगू नगा. आन् बब्रूला तर बिलकूल सांगू नगा की मी त्याच्यापायी निघाले व्हते. त्यो लय मनाला लावून घेतो, ल्हानपनापसून." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी तिला शबूद दिल्ता. म्हून त्या किसन्याला लेकरू हाकलायलं तरी मी गप बसलो. लय वंगाळ केलं मी. आज तू तुह्या तोंडानं बोललास, म्हून मह्या तोंडावरचं कुलूप निघालं."

मी रडलो ते त्या वेळी. एका महिन्यानंतर, ओसरीवर, छप्पन्नाव्या वर्षी, लहान पोरासारखा हमसून. मांडी फाटलेली, रक्त थांबत नाही, आणि ही बाई जीपमध्ये पडल्या पडल्या माझी सोय बघत होती, की पुढे मला सुखाने जेवता यावं. तिच्यावर मी चिडलोसुद्धा. तिने मला वाचवायचा ठेका घेतला होता का? एकदा वानरापासून वाचवलं, ते पुरे नव्हतं का? दाजींनी मला रडू दिलं. पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि ते बैलाला वैरण टाकायला उठले.

परतीच्या एसटीची वेळ झाली तेव्हा गजानन आला. मला वाटलं नव्हतं तो येईल. मोटारसायकल काढली, म्हणाला, "बसा." स्टँडवर उतरवल्यावर तो गाडीच्या टाकीकडे बघत म्हणाला, "किसनला फोन लावला मघाशी. माफी मागितली. त्यो म्हनला, मी तवाच बोललो आसतो आन् आक्काला कळलं आसतं तर तिनं मलाच थोबाडलं आसतं, तुमी लोकांनी आपसात भांडावं म्हून ती बांधावर बसत नव्हती." मी काहीतरी बोलायला गेलो, तर त्याने हात वर केला. "मामा, मला आज तुमच्याशी बोलवत न्हाई. कवा बोलवंल ते बी सांगता येत न्हाई. मह्यावर रागावू नगा."

मी म्हणालो, "नाही रागावत."

एसटी लागली. कंडक्टरने दार उघडलं, माणसं चढायला लागली. गजाननने किक मारली, पण गाडी पुढे घेतली नाही. त्या आवाजातच, अजूनही माझ्याकडे न बघता, तो म्हणाला, "पुढल्या साली फड तुटायच्या दिशी तुमी येताव. लवकर या, पहिल्या गाडीनं. बाभळीखाली बसायचं. वढ्याकडं कुणी गेला की उठवायचा, मंग त्यो कुनी का आसंना. आईचं काम हाय, दुसऱ्या कुणाला जमनार न्हाई."

"येतो," मी म्हणालो.